‘आता तुमचं सांगा’: बडोद्यात बायकांच्या म्हातारपणावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत दोन-तीन मुली, हल्ली एखादा मुलगाही, माझ्या घरी येतात. एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेलं असतं, पीएच.डी. करायची असते आणि विषयही ठरलेला असतो: ‘वृद्ध स्त्रियांच्या समस्या’. मी चहाचं आधण ठेवते आणि विचारते, कुठल्या स्त्रिया? किती वयाच्या? कुणाच्या घरात राहणाऱ्या? आणि त्यांना समस्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिथे गाडी अडते. मग पुढचा तास-दीड तास जे बोलणं होतं ते दरवर्षी तेच असतं, म्हणून या वेळी लिहूनच काढलं. माझं माहेर दांडिया बाजारातलं, सासर मांजलपूरला, आणि संशोधनाचं काम गेली २७ वर्षं याच शहरातल्या घराघरांत. त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील.

पायरी पहिली: विषय बारीक करा

‘समस्या’ हा शब्द पहिल्याच दिवशी खोडा. समस्या शोधायला गेलेल्याला समस्याच सापडतात. शिवाय आपल्याकडच्या बायका आल्यागेल्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. तुम्ही रडगाणं मागितलंत तर रडगाणं देतील. त्यापेक्षा ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखरच माहीत नाही असा एक प्रश्न शोधा. गुडघे गेल्यावर स्वयंपाकघराचा ताबा कुणाकडे जातो आणि तो कसा जातो? नवऱ्याचं डायलिसिस चालू असलेल्या वर्षांत बायकोची स्वतःची रक्तदाबाची गोळी किती वेळा चुकते? पाळी गेल्यावर ‘सुटले बाई’ म्हणणाऱ्या कोण आणि गप्प होणाऱ्या कोण? मुलगा-सून दोघंही कॅनडात असतील तर सोनोग्राफीला सोबत कोण जातं? हा शेवटचा प्रश्न तर बडोद्यात कुठल्याही सोसायटीत विचारता येईल.

म्हातारपण कुठून मोजायचं हेही आधीच ठरवा. कायद्याने, म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्याने, ते ६०ला सुरू होतं. शरीराचा हिशेब वेगळा. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या जवळ जातं. तिसरा हिशेब नात्याचा. ४३व्या वर्षी सासू झालेली बाई स्वतःला ‘आता आमचं काय राहिलंय’ म्हणू लागते आणि तिची ६८ वर्षांची अविवाहित नणंद स्कूटरवरून बँकेत जाते. या तिन्हींपैकी तुम्ही कोणतं वय धरताय ते पहिल्या पानावर लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारतंच.

पायरी दुसरी: कुठल्या दारातून शिरायचं

या विषयाला स्वतःचा असा एक विभाग नाही, आणि हेच नव्या माणसाला गोंधळात टाकतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याला निदान पाच दारं आहेत. जुने लोक ज्याला अजूनही ‘होम सायन्स’ म्हणतात, त्या आताच्या फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस फॅकल्टीत मानवविकास व कुटुंब-अभ्यास हा विभाग आहे आणि आहारशास्त्राचाही. समाजशास्त्र आहे. समाजकार्य आहे. स्त्री-अभ्यास केंद्र आहे. संख्याशास्त्र विभागाशी जोडलेलं लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभर चालवलेल्या अशा केंद्रांपैकी ते एक. वैद्यकीय पदवी असेल तर मेडिकल कॉलेजातला कम्युनिटी मेडिसिन विभाग हे सहावं दार.

‘होम सायन्स म्हणजे पाककृती आणि भरतकाम’ असं तुमच्या घरीही कुणीतरी म्हणेल. माझे सासरे म्हणायचे. त्यांना सांगा की १९४९ साली हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी शब्दरचना होती ती बदलून ‘सर्व मानव’ करायला लावणाऱ्या त्याच. घर हा अभ्यासाचा विषय आहे, हे या गावात कुणाला पटवून द्यायची गरज पडू नये.

समाजशास्त्राकडे कल असेल तर आणखी एक वारसा हाताशी आहे. एम. एन. श्रीनिवास १९५१ मध्ये इथे आले आणि त्यांनी विभाग उभा केला. आय. पी. देसाई आणि अ. म. शहा यांनी कुटुंबावर जे काम केलं त्याची मुळं याच विभागात आहेत. एकत्र कुटुंब मोडत चाललंय हे वाक्य लिहिण्याआधी या दोघांना वाचा. देसाईंनी सौराष्ट्रातल्या महुव्यातल्या घरांकडे पाहून दाखवलं की एका छपराखाली न राहणारी माणसंही देण्याघेण्यात आणि कर्तव्यात एकत्रच असतात. शहांनी ‘घर’ आणि ‘कुटुंब’ हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवले.

दार कसं निवडायचं? तुम्हाला आकडेमोड आवडते की बसून ऐकणं, एवढंच स्वतःला विचारा. विभागाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्या व्यक्तीच्या हाताखाली आधी झालेले दोन प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर उघडून वाचा. ते फुकट आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालतं. आभाराचं पान जरूर वाचा. विद्यार्थ्याला किती वर्षं लागली आणि मार्गदर्शक भेटत होते का, ते तिथे बरोबर कळतं.

पायरी तिसरी: चूल कुणाची ते बघा

जनगणनेत घर म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. आपण रोज बोलतो तेच: त्यांची चूल वेगळी झाली. व्याख्या सोपी आहे आणि पहिल्याच वाड्यात ती कोलमडते.

माझ्या पहिल्या सर्वेक्षणात दांडिया बाजारातला एक वाडा होता. खाली थोरला, वर धाकटा, दोन गॅस, देवघर एक. आई सकाळी खाली जेवायची, रात्री वर. खालच्या खोलीत झोपायची, पण तिची औषधं धाकटा आणायचा. दातांची कवळी पुण्याच्या लेकीने करून दिलेली. मी फॉर्मवर ‘थोरल्या मुलाकडे’ अशी खूण केली आणि पुढच्या घरी गेले. ती लेक माझ्या अख्ख्या अभ्यासात कुठेच नाही. आणि आजारपणात पहिला फोन आई तिलाच करायची, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी गेले तेव्हा समजलं.

तेव्हापासून मी एक कागद करते. मधे बाई, आणि तिच्याभोवती प्रश्न: हिचं जेवण कोण रांधतं, औषधाचे पैसे कोण देतं, रात्री त्याच खोलीत कोण झोपतं, डॉक्टरकडे कोण नेतं, पासबुक कुणाच्या कपाटात असतं, ही स्वतः कुणाला सांभाळते. शेवटचा प्रश्न विसरू नका. घरातल्या म्हाताऱ्या बाईला आपण नेहमी ‘काळजी घेतली जाणारी’ या रकान्यात टाकतो आणि ती नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवून आलेली असते.

पायरी चौथी: घराबाहेर पडण्याआधी आकडे वाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात, ते १९९२-९३ पासून होतंय, पाचवी फेरी २०१९-२१ची. फार मोलाचं. पण त्यात बायकांची सविस्तर मुलाखत १५ ते ४९ या वयातल्यांचीच होते. मूल होण्याचं वय संपलं की या सर्वेक्षणाच्या दृष्टीने बाई जवळजवळ संपते. माझ्या मते या क्षेत्रात यायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

४५च्या पुढच्यांसाठी ‘लासी’ पाहा, म्हणजे भारतातला वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, ७२,००० हून जास्त माणसं. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या सोबतीने केला. त्यात नुसते प्रश्न नाहीत. रक्तदाब, हाताच्या पकडीची ताकद, स्मरणशक्ती हेही मोजलंय. माहिती अर्ज करून मिळते. पीएच.डी.चं पहिलं वर्ष घरोघर फिरण्यात घालवण्याआधी त्यातला गुजरातचा भाग उघडून बसा. तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल, आणि उरलेला निम्मा कुठला ते कळेल.

वेळेच्या वापराचं २०१९चं सर्वेक्षणही हाताशी ठेवा. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष करत असतील तर ९७. एनसीएईआर ही दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या मानवविकास सर्वेक्षणात तर घरात पुरुष आधी जेवतात का, हेही विचारलेलं आहे. आहारावर काम करणाऱ्यांनी तो रकाना बघाच.

आणि एक फुकटचं घबाड: बडोदा संस्थानाचे जनगणना अहवाल, १८८१ ते १९४१. पुस्तकी वाटतात, पण लग्नाचं वय, विधवा, साक्षरता हे सगळं तालुक्यांपर्यंत सापडतं. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, त्याच्या मुलींच्या मुली आज तुमच्या समोर बसणार आहेत. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत चार दुपारी घालवल्या तर वाया जात नाहीत.

पायरी पाचवी: नेट, प्रवेश, पैसे

हे थोडक्यात, कारण तारखा आणि नियम तुम्ही संकेतस्थळावर बघालच.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नेट ही पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा असते. होम सायन्स, समाजशास्त्र, समाजकार्य, स्त्री-अभ्यास, लोकसंख्या अभ्यास यांपैकी तुमच्या पदव्युत्तर विषयाला धरून पेपर निवडा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात, त्यात ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. नाही मिळाली तर आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप आहे, आणि गुजरात सरकारची ‘शोध’ योजना: महिना १५,०००, शिवाय किरकोळ खर्चाला वर्षाला २०,०००. २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं. बायकांना आणखी २ वर्षांची सवलत आणि एकूण काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. ही सवलत मागायला लाजू नका. माझ्या वेळी नव्हती, आणि मी प्रबंधाचं चौथं प्रकरण मांडीवर पोर घेऊन लिहिलं, हे अभिमानाने सांगण्यासारखं मुळीच नाही.

प्रत्येक अर्जाची झेरॉक्स आणि पोचपावती ठेवा. एका कार्यालयात माझी फाइल सात महिने ‘साहेबांच्या टेबलावर’ होती. ते साहेब बदलून गेले होते.

पायरी सहावी: पहिल्या घरी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रबंध इथे घडतो किंवा बिघडतो.

बाबाजीपुऱ्यातलं एक घर. काकूंचं वय ७१. मी विचारलं, तब्येत कशी असते? त्या वीस मिनिटं बोलल्या. तीन महिन्यांची साखर मार्चमध्ये किती, जूनमध्ये किती, गोळी कधी बदलली, पायाला मुंग्या येतात. सगळं तोंडपाठ. मी भराभर लिहून घेतलं आणि मग लक्षात आलं की हे सगळं यजमानांचं आहे. म्हटलं, आता तुमचं सांगा. ‘माझं काय? मला काही होत नाही.’ फॉर्मवर ‘आजार नाही’ असा रकाना होता. त्यावर खूण करून निघता आलं असतं. तेवढ्यात त्या चहा करायला उठल्या. आधी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर, मग एक हात भिंतीला, मग ओट्याची कड. आधण येईपर्यंत सगळा भार डाव्या पायावर. मी विचारलं, गुडघ्याचं कधीपासून? ‘ते होय! ते तर सुनेच्या पहिल्या बाळंतपणापासून. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचे ना.’

या एका चहात तीन गोष्टी आहेत. दुखणं तिच्या लेखी आजार नाही. त्याची तारीख सालात नाही, घरातल्या प्रसंगात आहे. आणि ‘आता तुमचं सांगा’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. पहिल्या वेळी नवरा येतो, दुसऱ्या वेळी नातवंडं, तिसऱ्या वेळी कधीकधी ती स्वतः.

म्हणून ‘तुम्हाला काही आजार आहे का’ असं विचारू नका. ‘काल सकाळी डोळे उघडल्यापासून काय काय केलंत’ असं विचारा आणि तिच्यासोबत तो दिवस चाला. कुठे बसावं लागलं, कुठे धरावं लागलं, काय उद्यावर टाकलं. अंघोळ, कपडे, चालणं यांच्या क्षमतेची १९६३ची कॅट्झ मापनपट्टी, स्वयंपाक, पैसे, फोन, प्रवास यांची १९६९ची लॉटन-ब्रॉडी पट्टी, या वापराव्या लागतातच. पण त्यांचा इतिहास माहीत असू द्या. लॉटनच्या पट्टीत मुळात बायकांना आठही कामांवर गुण होते आणि पुरुषांचे स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं हे वगळले जायचे. आता सगळ्यांना आठ लावले तर ज्या आजोबांनी जन्मात कुकर लावला नाही ते ‘अक्षम’ ठरतात, आणि ज्या आजींना कधी कुणी बँकेत पाठवलं नाही त्याही. तेव्हा ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.

भाषेचं तर विचारूच नका. आपण बडोद्याचे लोक घरात मराठी बोलतो आणि दुखतं गुजरातीत. ‘गभरामण होतं’ असं आपल्याकडच्या मराठी आज्याही म्हणतात. त्यात छातीतली धडधडही आली, कोंडल्यासारखं होणंही आलं आणि लेकाचा फोन न आल्याची काळजीही आली. फॉर्मवर तो एकच शब्द लिहा, आणि पुढे ‘म्हणजे कसं होतं?’ विचारा. आपल्या मनाने ‘चिंता’ किंवा ‘हृदयविकार’ लिहू नका. नैराश्याच्या मापनपट्टीत आयुष्य रिकामं वाटतं का, अशा अर्थाचा प्रश्न असतो. मी तो सरळ मराठीत विचारला तर वाडी भागातल्या एक आजी म्हणाल्या, ‘रिकामं कुठलं, सकाळपासून टेकायला मिळालं नाही!’ भाषांतर अचूक होतं, प्रश्न मात्र पोचला नव्हता. म्हणून मराठी-गुजराती दोन्हीत करा, दुसऱ्या कुणाकडून मूळ भाषेत उलट भाषांतर करून घ्या आणि मग दहा आज्यांना विचारून बघा.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळा न पाहिलेल्या बाईचं तिथे काय होणार? हरियाणातल्या बल्लभगढला असा अभ्यास करताना याच कारणासाठी न शिकलेल्यांना चालेल अशी हिंदी चाचणी बनवली गेली. आपल्या मराठी घरांतल्या आज्या शिकलेल्या असतात, शेजारच्या वस्तीतल्या नसतात. दोघींना एकच पट्टी लावून ‘मराठी आज्यांची स्मरणशक्ती चांगली’ असा निष्कर्ष काढू नका. मी एका परिसंवादात तो ऐकलेला आहे.

वय विचारलंत की ६०, ६५, ७० अशी गोल उत्तरं येतात. आधार कार्डावर बहुतेक वेळा १ जानेवारी. म्हणून गावाच्या आठवणींची एक यादी जवळ ठेवा. १ मे १९४९ला संस्थान विलीन झालं, १ मे १९६०ला गुजरात राज्य झालं, १९७१चा ब्लॅकआउट, १९७४चं नवनिर्माण आंदोलन, १९८४ला इंदिराजी गेल्या. ‘नवनिर्माणच्या वेळी तुमचं लग्न झालं होतं का? पदरात कोण होतं?’ एवढ्याने वय दोन वर्षांच्या आत सापडतं. अलीकडच्या घटनांना विश्वामित्रीचे पूर धरा: जुलै २०१९, ऑगस्ट २०२४. कोणत्या पुरात औषधं भिजली, हे सगळ्यांना आठवतं.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. पहिल्या ४० मुलाखती मी एकटीने केल्या, आणि चाळीसही वेळा सूनबाई समोर बसलेल्या. चाळीसही आज्या सुखी. त्या वह्या मला बाजूला ठेवाव्या लागल्या. उपाय सोपा आहे: दोघी जा. एकीने आजींशी बोलायचं आणि दुसरीने स्वयंपाकघरात सुनेची स्वतंत्र मुलाखत घ्यायची. ही युक्ती म्हणून करू नका, खरोखर घ्या. कारण पुष्कळ घरांत आजी ८४ वर्षांच्या असतात आणि सून ६०ची. तिची कंबर गेलेली असते, तिची पाळी जाऊन दहा वर्षं झालेली असतात आणि ती रात्री दोनदा उठून सासूबाईंना बाथरूममध्ये नेते. तिला कुणी ‘वृद्ध स्त्री’ म्हणून मोजलेलंच नसतं. माझा सध्याचा सगळा अभ्यास या सुनांवर आहे.

बाकी किरकोळ, पण उपयोगाचं. सकाळी ११ ते १च्या मधे कुणाच्या दारात उभं राहू नका. साडेतीन ते पाच चांगलं, नंतर भजनी मंडळ असतं. गणपती आणि नवरात्रात प्रयत्नच सोडा. ६२ वर्षांच्या बाईंना ‘आजी’ म्हणालात तर मुलाखत तिथेच संपली समजा. ‘काकू’ म्हणा, गुजराती घरात ‘मासी’, आणि ऐंशीच्या पुढे ‘बा’. आणि मुलाखतींसाठीच्या बायकांचा नमुना कमाटी बागेत गोळा करू नका. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या सगळ्या चालू शकणाऱ्या असतात. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतही करू नका. तिथे ज्यांना कुणीतरी आणलं त्याच येतात. जी जिना उतरू शकत नाही आणि जिला आणायला कुणी नाही, ती दोन्ही ठिकाणी नसते. ती तिसऱ्या मजल्यावर असते.

पायरी सातवी: सही, अंगठा आणि नाव

घरी जाण्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज भरा, तीन-चार महिने धरून चाला. संमतिपत्र मराठी-गुजरातीत, मोठ्या अक्षरात करा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि तिऱ्हाईत साक्षीदाराची सही. तो साक्षीदार मुलगा नको.

सहीवरून बायका घाबरतात, आणि बरोबरच आहे. ‘कशाचा कागद आहे? घराचा तर नाही ना?’ असं मला तीन ठिकाणी विचारलं गेलं. अशा वेळी कागद ठेवून जा, दोन दिवसांनी पुन्हा या. एखादी मारहाणीचं किंवा उपाशी ठेवल्याचं बोलली तर पुढे काय करायचं, कुणाकडे न्यायचं, तुमची जबाबदारी कुठपर्यंत, हे आधीच मार्गदर्शकाबरोबर लिहून ठरवा. त्या क्षणी सुचत नाही.

नाव द्यायचं नाही, सगळ्यांना खुणेचे आकडे. हे योग्यच आहे, पण एकदा एका काकूंनी छापील अहवाल हातात घेऊन विचारलं, ‘माझं नाव कुठाय यात?’ मी १७ नंबरवर बोट ठेवलं. त्यांना ते आवडलं नाही. मला अजूनही त्याचं नीट उत्तर सापडलेलं नाही.

पायरी आठवी: लिहायचं कुठे, पोट कशावर

ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला एका तासाला पाच-सहा तास लागतात, पंखा आणि मिक्सर चालू असेल तर आठ. त्याच रात्री सुरू करा. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ फुकट आहे, संदर्भ ठेवायला झोटेरो फुकट आहे. चोरलेलं सॉफ्टवेअर वापरू नका.

‘दोन हजार भरा, आठ दिवसांत छापतो’ म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीने मान्य नियतकालिकांची स्वतःची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली आहे, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि विभागावर आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, मागचे अंक मिळतात का, ते बघा. आणि मराठीतही लिहा. तुमच्या मुलाखतींतल्या काकूंना इंग्रजी शोधनिबंध दाखवून काय उपयोग?

नोकरीबद्दल खरं सांगते. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण कायम जागा क्वचित निघतात. पहिली काही वर्षं हंगामी किंवा तासिका तत्त्वावर काढावी लागतात आणि त्यात घर चालत नाही. म्हणून पीएच.डी. चालू असतानाच दुसरं एक कौशल्य कमवा: सर्वेक्षण उभं करणं, माहितीची साफसफाई, नाहीतर मूल्यमापन अहवाल लिहिणं. लोकसंख्या केंद्रं, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था, अहमदाबादची विकास संशोधन संस्था, इथली ‘सहज’सारखी महिला आरोग्यावर काम करणारी संस्था, अशा ठिकाणी या कामाची माणसं लागतात. माझ्या हाताखालच्या एकीने वृद्धांच्या घरच्या देखभालीला माणसं पुरवणाऱ्या कंपनीत प्रशिक्षण विभाग सांभाळायला घेतला. मी नाक मुरडलं होतं. आज तिच्याकडे घरांची जितकी माहिती आहे तितकी माझ्याकडे नाही, आणि पुढच्या अभ्यासासाठी मीच तिला फोन करते.

या वर्षी येणाऱ्यांनी एवढं करून या: दहा ओळींत तुमचा प्रश्न, शोधगंगावरचे दोन प्रबंध वाचलेले, आणि स्वतःच्या घरातल्या एका बाईचा कालचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, तिला विचारून लिहिलेला. शनिवारी दुपारी चारनंतर मी घरी असते.